‘क्लार्क’ या शब्दाची कुळकथा

मराठी बोलणारा माणूस नागपुरात असो, बडोद्यात असो वा दिल्लीच्या एखाद्या सरकारी कचेरीत नोकरीला असो, ‘क्लार्क’ हा इंग्रजी शब्द त्याला कोशात पाहावा लागत नाही. तो शब्द कानी पडला की टेबलावरील फायलींची चळत, शिक्क्यांची खटखट आणि साहेबाच्या घंटेकडे लागलेले कान असे काहीसे चित्र मनश्चक्षूंसमोर उभे राहते. कारकुनाच्या कामाला मराठीने ‘खर्डेघाशी’ असे बोचरे नाव देऊन ठेवले आहे, आणि एखाद्याच्या बुद्धीला ‘कारकुनी’ म्हणणे ही काही स्तुती नव्हे. अशा या दीनवाण्या शब्दाने कोणे एके काळी माणसांच्या माना फासातून सोडवल्या आहेत, असे सांगितले तर ते सहसा कोणाला खरे वाटणार नाही. परंतु इंग्लंडच्या न्यायालयांची जुनी दप्तरे त्याला साक्ष आहेत.

सन १५९८ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या शिवेबाहेर हॉक्स्टनच्या मैदानावर दोघांचे तलवारीने द्वंद्व झाले. एक होता गेब्रियल स्पेन्सर नावाचा नट. दुसरा बेन जॉन्सन. म्हणजे शेक्सपिअरच्या समकालीनांत ज्याचे नाव पुढे शेक्सपिअरच्या खालोखाल घेतले जाऊ लागले, तो नाटककार. स्पेन्सर ठार झाला. जॉन्सनने गुन्हा कबूल केला आणि या गुन्ह्याला शिक्षा होती फाशीची. तेव्हा जॉन्सनने न्यायासनापुढे ग्रंथ मागितला. ग्रंथ हाती दिला गेला, त्याने तो वाचून दाखवला, आणि दप्तरात नोंद झाली की आरोपी क्लार्कसारखा वाचतो, सबब त्याला अंगठ्यावर डाग देऊन सोडण्यात यावे. त्याची चीजवस्तू जप्त झाली, पण जीव वाचला. गवंडीकाम करणाऱ्या सावत्र बापाच्या घरात वाढलेल्या या पोराला वेस्टमिन्स्टरच्या शाळेत लॅटिन शिकावयास मिळाले नसते, तर इंग्रजी रंगभूमी एका थोर नाटककाराला मुकली असती.

हा काय प्रकार होता, हे उमगण्यासाठी शब्दाच्या मुळाकडे गेले पाहिजे. ते मूळ ग्रीक भाषेत आहे. ‘क्लेरोस’ या ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ चिठ्ठी, म्हणजे नशीब आजमावण्यासाठी टाकावयाची सोडत. सोडतीने जमिनीचे वाटे पाडीत, म्हणून पुढे ‘क्लेरोस’ म्हणजे वाट्याला आलेली जमीन, वारसाहक्काचा हिस्सा. आपल्याकडील शब्द वापरावयाचा तर वतन. यहुद्यांच्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा एका महत्त्वाच्या जागी हाच शब्द आला. यहुद्यांच्या बारा वंशांना भूमी वाटून देण्यात आली; पण देवळातील सेवा ज्यांच्याकडे होती त्या लेवी वंशाला जमीन मिळाली नाही. परमेश्वर हेच त्यांचे वतन, असे त्यांना सांगण्यात आले. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी हे नाते आपल्याकडे घेतले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने या शब्दाचा खुलासा करताना म्हटले की, हे लोक परमेश्वराच्या वाट्याला आलेले आहेत, किंवा परमेश्वर त्यांच्या वाट्याला आलेला आहे, म्हणून यांना हे नाव. ग्रीकमधील ‘क्लेरिकोस’ लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ झाला, फ्रेंचमध्ये ‘क्लेर’ झाला, आणि लॅटिन व फ्रेंच या दोन्ही वाटांनी तो इंग्लंडात शिरला. ज्याच्याजवळ देवावाचून दुसरे वतन नाही तो क्लार्क, असा हा उगम आहे. महिन्याच्या अखेरीस खिसा चाचपणाऱ्या क्लार्कला या व्युत्पत्तीत थोडी थट्टा दिसली तर त्याला दोष देता येणार नाही.

रोमन साम्राज्य कोसळल्यावर पश्चिम युरोपात वाचन-लेखनाची विद्या उरली ती बहुतांशी मठांत आणि चर्चच्या छायेत. सरदारांना लिहिता येत नसे आणि त्याची त्यांना खंतही नसे. राजाला पत्र लिहावयाचे असो, खजिन्याचा हिशेब ठेवावयाचा असो वा जमिनीचा दानलेख करावयाचा असो, हाक जाई ती धर्मसेवकालाच. तेव्हा ‘क्लार्क’ या एकाच शब्दात तीन माणसे सामावली: देवाची सेवा करणारा, विद्वान, आणि लेखणी चालवणारा. ती तिन्ही बहुधा एकाच अंगरख्यात असत, म्हणून त्यांना निराळे शब्द शोधण्याची निकड कोणाला भासली नाही.

निकड भासली ती न्यायाच्या प्रश्नावरून. धर्मसेवकाने गुन्हा केला तर त्याचा न्याय राजाने करावा की चर्चने, या वादात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेट एकमेकांसमोर उभे ठाकले. १९६४ साली निघालेल्या ‘बेकेट’ या चित्रपटामुळे हा झगडा पुष्कळांना ठाऊक आहे. राजाने ११६४ मध्ये क्लॅरेंडन येथे आपले म्हणणे कायद्याच्या रूपाने मांडले. बेकेटने ते मान्य केले नाही. आणि २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच देवळात ठार मारले. या हत्येने सारा युरोप हादरला. बेकेट संत ठरला आणि राजाला नमते घ्यावे लागले. धर्मसेवकाला मोठ्या गुन्ह्यासाठी राजाच्या न्यायालयात देहदंड होणार नाही, चर्चचे न्यायालय त्याचा विचार करील, हे तत्त्व इंग्लंडात रूढ झाले. चर्चचे न्यायालय रक्त सांडीत नसे. या सवलतीचे इंग्रजी नाव ‘बेनिफिट ऑफ क्लर्जी’. तिला मराठीत क्लार्कपणाची सवलत म्हणता येईल.

आता आरोपी खरोखरच धर्मसेवक आहे हे ठरवावयाचे कसे? आरंभी डोक्याचा मुंडन केलेला भाग आणि अंगावरचा वेष पाहत. पण न्हाव्याला चार पैसे दिले की डोके कोणाचेही भादरून मिळते. तेव्हा न्यायाधीशांनी सोपी कसोटी काढली: ज्याला वाचता येते तो क्लार्क. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कसोटी इतकी पक्की झाली की ती उतरणारा माणूस प्रत्यक्षात धर्मसेवक आहे की नाही, हे विचारण्याचेही मागे पडले. अनेक शतकांच्या निरक्षरतेने शब्दाला जो अर्थ चिकटवला होता, त्यावर कायद्याने शिक्कामोर्तब केले.

वाचावयास बहुधा बायबलातील एकच उतारा देत. एक्कावन्नाव्या स्तोत्राचा पहिला चरण, ज्यात पापी मनुष्य ईश्वराजवळ दया मागतो. बिशपचा प्रतिनिधी शेजारी उभा असे. न्यायाधीश विचारी, हा वाचतो काय? प्रतिनिधी लॅटिनमध्ये उत्तर देई: ‘लेगित उत क्लेरिकुस’, क्लार्कसारखा वाचतो. एवढ्या तीन शब्दांवर प्राण अवलंबून असे. ‘नोन लेगित’, वाचत नाही, असे उत्तर आले की गाडी वधस्तंभाकडे निघे. त्या चरणाला लोक ‘मानेचा चरण’ म्हणू लागले. उतारा ठरलेलाच असल्यामुळे तुरुंगात तो पाठ करून घेण्याची सोय नसती तरच नवल. ज्याला अक्षरओळख नाही असा चोरही डोळे पुस्तकावर रोखून तो चरण घडाघडा म्हणून दाखवी. अशा वेळी न्यायाधीशाची मर्जी काय असेल त्याप्रमाणे दुसरे पान उघडले जाई किंवा न जाई. दयाळू न्यायाधीश पान उघडीत नसावा.

या सवलतीत न्याय किती होता, हा प्रश्न उरतोच. एकाच गुन्ह्यासाठी पकडलेल्या दोघांपैकी वाचणारा सुटे आणि न वाचणारा लटके. स्त्रियांची कथा तर अधिकच करुण होती. स्त्री धर्मोपदेशक होऊ शकत नसे, म्हणून जोगिणी वगळल्यास तिला ही सवलत नव्हती. मग तिला वाचता येत असले तरी त्याचा उपयोग नाही. १६२४ च्या सुमारास किरकोळ चोऱ्यांपुरती तिच्यासाठी काही सूट ठेवण्यात आली, आणि पुरुषाच्या बरोबरीचा हक्क मिळावयास सतरावे शतक सरत आले. पुरुषांवरही १४८९ मध्ये एक बंधन आलेच होते. जो खरा धर्मसेवक नाही त्याला ही सवलत आयुष्यात एकदाच. आणि ती एकदा भोगली आहे याची खूण म्हणून अंगठ्यावर तापल्या लोखंडाने अक्षर उमटवावयाचे, खुन्याला एक आणि चोराला दुसरे. अक्षरामुळे वाचलेल्याच्या देहावर अक्षराचाच डाग, असा हा विलक्षण योग होता. बेन जॉन्सनच्या अंगठ्यावर तोच डाग होता. आणि तो डाग घेऊनच तो पुढे राजाच्या वर्षासनाचा धनी झाला व मरणानंतर वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला.

१७०६ मध्ये वाचनाची कसोटी रद्द झाली. वाचता न येणाऱ्यालाही सवलत मिळू लागली. दुसऱ्या बाजूने मात्र पार्लमेंट एकामागून एक गुन्हे या सवलतीतून वगळीत चालले होते. अठराव्या शतकातील इंग्रजी कायद्यांत देहदंडाच्या कलमाला ‘क्लार्कपणाच्या सवलतीवाचून’ अशी पुस्ती हटकून जोडलेली आढळते. त्या पुस्तीचा एक कठोर फटका भारतातही बसला. खोटा दस्तऐवज करण्याचा गुन्हा १७२९ च्या कायद्याने असा सवलतीबाहेर काढला होता. तो कायदा इंग्लंडच्या व्यापारी समाजासाठी होता. कलकत्त्यातील लोकांना त्याची वार्ताही असण्याचे कारण नव्हते. पण १७७४ मध्ये कलकत्त्यास सुप्रीम कोर्ट स्थापन झाले, आणि वॉरन हेस्टिंग्जवर लाचखाऊपणाचा आरोप करणाऱ्या महाराजा नंदकुमारावर जुन्या एका रोख्याच्या संबंधात बनावटीचा खटला उभा राहिला. सरन्यायाधीश इलायजा इम्पी याच्यासमोर तो चालला आणि ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमाराला फाशी देण्यात आले. इकडे पाच वर्षांपूर्वी, १७७० मध्ये, अमेरिकेतील बॉस्टन शहरात जमावावर गोळ्या झाडून माणसे मारणाऱ्या इंग्रज शिपायांपैकी दोघे सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले होते. ते हीच सवलत मागून अंगठ्यावर डाग घेऊन मोकळे झाले. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी नियमाला धरून आहेत. नंदकुमाराच्या बाबतीत मात्र नियम कोणाचा आणि कोणाला लावला, हा प्रश्न इंग्रज इतिहासकारांनाही चुकवता आलेला नाही.

दरम्यान शब्दाच्या पोटातील तीन माणसे एकमेकांपासून दुरावत चालली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर याने ‘कँटरबरी टेल्स’ लिहिल्या. त्यांतील ऑक्सफर्डचा क्लार्क म्हणजे विद्येचा ध्यास घेतलेला, विरलेला झगा घातलेला, हडकुळ्या घोड्यावर बसलेला आणि ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांपुढे धनाला तुच्छ मानणारा विद्यार्थी आहे. पण खुद्द चॉसर कोण होता? लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब त्याने वर्षानुवर्षे ठेवला, आणि १३८९ मध्ये राजवाड्यांच्या बांधकाम-दुरुस्तीवर देखरेख करणारा म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या हुद्द्याचे नाव ‘क्लार्क ऑफ द किंग्ज वर्क्स’. हा क्लार्क संसारी गृहस्थ होता, धर्मसेवक नव्हे. एकाच माणसाच्या काव्यात शब्दाचा जुना अर्थ आणि नेमणूकपत्रात नवा अर्थ, असे हे संधिकालाचे चित्र आहे. पुढे छापखाने आले, शाळा वाढल्या, वाचणारे वाढले. विद्वानाला दुसरे शब्द मिळाले. धर्मोपदेशकासाठी ‘क्लर्जीमन’ आणि लॅटिनवरून पुन्हा उसना घेतलेला ‘क्लेरिक’ हे शब्द रूढ झाले. जुन्या शब्दाच्या पदरी उरली ती केवळ लेखणी. विशेषण मात्र विभागले गेले नाही. पाद्र्याच्या गळ्यातील पांढरी पट्टीही ‘क्लेरिकल’ आणि नकलेतील चूकही ‘क्लेरिकल’.

नकलेतील चुकीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, की ही तक्रार इंग्रजांहून कितीतरी जुनी आहे. गिरनार येथील अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात, काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असल्यास लिपिकराचा अपराध हेही त्याचे एक कारण म्हणून दिले आहे. सम्राटांनी लेखनिकावर चूक ढकलण्याचा हा बहुधा आपल्याकडील सर्वांत जुना लेखी पुरावा असावा. महाराष्ट्र शासनाच्या मराठीत क्लार्कला ‘लिपिक’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. ‘कारकून’ हा फारसी. त्याचा अर्थ नुसता ‘काम करणारा’. आणि चिटणीस, फडणीस, सबनीस या आडनावांतील ‘नीस’ म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. इंग्लंडातही असेच घडले. लेखणीवर पोट भरणाऱ्यांची आडनावे क्लार्क पडली, आणि आज इंग्रजी भाषिकांत ते अगदी सामान्य आडनावांपैकी एक आहे. फरक इतकाच, की आडनाव लिहिताना लोकांनी कानावर विश्वास ठेवला आणि ‘ए’ हे अक्षर घातले. हुद्दा लिहिताना मात्र जुन्या लॅटिनची आठवण ठेवून ‘ई’ कायम राखले.

येथेच उच्चाराचे कोडे सुरू होते. स्पेलिंग पाहता उच्चार ‘क्लर्क’ व्हावा. इंग्लंडात तो होतो ‘क्लार्क’, नव्हे, दक्षिण इंग्लंडात तर ‘र’ही गळून ‘क्लाक’. याचे कारण असे, की चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्रजीतील ‘एर’ हा ध्वनी, पुढे व्यंजन आले असता, किंवा तो शब्दाच्या अखेरीस असला तरी, ‘आर’कडे झुकू लागला. ‘स्टेर’चा ‘स्टार’ झाला, ‘डेर्क’चा ‘डार्क’, ‘फेर्म’चा ‘फार्म’. यांपैकी बहुतेक शब्दांचे स्पेलिंगही बदलले, म्हणून त्यांच्याविषयी कोणाला शंका येत नाही. काही शब्दांत उच्चार बदलला पण स्पेलिंग जुनेच राहिले. ‘क्लार्क’ त्यांतला, डार्बी परगणा त्यांतला, आणि ‘सार्जंट’ही त्यांतलाच. गोऱ्या शिपायाच्या तोंडून ऐकलेला हा ‘सार्जंट’ मराठीने आकारासकट जपला आहे. तिसरा गट आणखी मौजेचा. त्यांत उच्चार ‘आर’पर्यंत जाऊन, शिकलेल्या मंडळींनी पुस्तकाकडे बोट दाखवल्यावर, पुन्हा मागे फिरला. जॉन वॉकर याने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उच्चारकोशात नोंदवले आहे की, तीस वर्षांपूर्वी ‘मर्चंट’ला सगळेच ‘मार्चंट’ म्हणत. ‘युनिव्हर्सिटी’चे लघुरूप ‘व्हार्सिटी’ हा त्याच लाटेचा मागे राहिलेला शिंपला. ‘पर्सन’ आणि ‘पार्सन’ हे तर एकाच लॅटिन शब्दाचे दोन उच्चार. एक माणसाच्या वाट्याला गेला, दुसरा पाद्र्याच्या.

अमेरिकेने याही बाबतीत पुस्तकाची बाजू घेतली. तेथे ‘क्लर्क’ म्हणतात, ‘डर्बी’ म्हणतात, आणि दुकानात गिऱ्हाइकाला माल दाखवणाराही तेथे क्लर्कच असतो. मराठीत ‘क्लार्क’ आणि हिंदीत ‘क्लर्क’ लिहिण्याची रूढी आहे, तिच्यावरून नागपूर-इंदुराकडील मराठी माणसाला कचेरीत दोन्ही रूपे ऐकू येतात. त्यांतील एक शुद्ध व दुसरे अशुद्ध असे म्हणण्यास आधार नाही.

१८२७ हे साल या शब्दाच्या चरित्रात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात पार्लमेंटने क्लार्कपणाची सवलत रद्द केली. त्याच्या अगोदरच्याच महिन्यात लंडनच्या एका वकिली कचेरीत पंधरा वर्षांचा एक मुलगा कनिष्ठ क्लार्क म्हणून लागला होता. त्याचे नाव चार्ल्स डिकन्स. पुढे १८४३ मध्ये त्याने ‘ख्रिसमस कॅरोल’मध्ये थंडीने काकडणारा, कोळशाच्या एका खांडावर दिवस काढणारा बॉब क्रॅचिट उभा केला, आणि क्लार्क म्हटले की जगाच्या डोळ्यांसमोर तोच येऊ लागला. सवलत गेली आणि पगारही गेला, असे म्हणावयास हरकत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत निबंधकार चार्ल्स लॅम १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षे हिशेबाच्या वह्या भरीत होता. सुटल्यावर त्याने त्या सुटकेवरच एक निबंध लिहिला. कंपनीच्या हिंदुस्थानातील नोकरीची सर्वांत खालची पायरी ‘रायटर’ हीच होती. रॉबर्ट क्लाइव्ह १७४४ मध्ये मद्रासेस आला तो रायटर म्हणून. कलकत्त्यातील रायटर्स बिल्डिंगचे नाव त्या लेखनिकांवरूनच पडले, आणि २०१३ पर्यंत पश्चिम बंगालचे सचिवालय तेथेच होते. इंग्रजी शिकलेले एतद्देशीय तरुण पुढे त्याच वह्यांवर बसले. कारकून तयार करणारे शिक्षण, अशी त्या विद्येची निर्भर्त्सना मराठीत शंभरांहून अधिक वर्षे चालली आहे. ती पुष्कळशी खरी आहे. पण त्या पगारावर घरातल्या पाच मुलांच्या शाळा झाल्या, हेही तितकेच खरे आहे. आणि निर्भर्त्सना करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे वडील क्लार्क होते.

शब्द सगळीकडेच खाली उतरला असेही नाही. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सभागृहाचा प्रमुख अधिकारी क्लार्क म्हणवतो; कॉमन्स सभेत हा हुद्दा १३६३ पासून आहे. कॅनडात ओटावा येथे साऱ्या सनदी नोकरांचा वरिष्ठ म्हणजे प्रिव्ही कौन्सिलचा क्लर्क, आणि तेथे उच्चार अमेरिकेच्या वळणाचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होरेस ग्रे या न्यायमूर्तींनी १८८२ पासून नव्या पदवीधरांना हाताशी घेण्याची प्रथा पाडली. त्या ‘लॉ क्लर्क’च्या जागेसाठी तेथील हुशार विद्यार्थ्यांत चुरस असते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयातही न्यायमूर्तींच्या हाताखाली असे लॉ क्लार्क नेमले जातात, आणि बँकेतील क्लार्कची जागा नाकारणारा पदवीधर ती जागा अभिमानाने स्वीकारतो. इंग्लंडच्या चर्चमधील धर्मोपदेशकाचा व्यवसाय कायद्याच्या कागदावर नमूद करावयाचा झाला, तर आजही ‘क्लार्क इन होली ऑर्डर्स’ असेच लिहितात. तो कागद टंकून देणाऱ्याचा हुद्दाही बहुधा तोच असतो.